एक्सहोस्ट प्लस मारलं की झालं? नाही हो

लिनक्सवर दुसरा युजर होऊन खिडकीवाला प्रोग्राम उघडताना 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' आलं की कोणीतरी हमखास सांगतं, 'एक्सहोस्ट +' मार, चालेल (एक्सहोस्ट म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरला कोण जोडू शकतं ते ठरवणारी कमांड). चालतं ना, पण परमिशन दुरुस्त होत नाही, दारावरचा वॉचमनच घरी जातो, मग त्याच मशीनवर लॉगिन असलेला कुठलाही युजर तुमची स्क्रीन बघू शकतो, टाइप केलेला पासवर्डसुद्धा, आणि लॅबच्या सर्व्हरवर 40 जण असतात राव! खरी भानगड कुकीची, म्हणजे एक्स सर्व्हरला दाखवायच्या गुप्त किल्लीची, सहसा तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये ही 128 बिटची किल्ली असते, दुसरा युजर झालात की ती हाताशी नसते, म्हणून एरर. एकालाच आत घ्यायचंय तर 'एक्सहोस्ट +एसआय:लोकलयुजर:' पुढे त्याचं नाव (तोही मग सगळं बघू शकतो बरं). आधीच प्लस मारून बसला असाल तर 'एक्सहोस्ट -' मारा, पण आत शिरलेले त्याने बाहेर जात नाहीत.