‘फिडिबस’ म्हणजे निमंत्रणपत्रिकेचं लघुरूप नव्हे

पाइप पेटवायच्या कागदी पट्टीला जर्मनीत पूर्वी ‘फिडिबस’ म्हणत. जर्मन विद्यार्थी मेजवानीच्या निमंत्रणावर ‘फिडेलिबस फ्रात्रिबस’ (विश्वासू बंधूंना) असं लिहीत, नंतर त्याच चिठ्ठीने पाइप पेटवीत, आणि मायन्याचं लघुरूप होऊन हा शब्द आला, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मुळात लघुरूपाची गरजच नाही. ‘फिडिबस’ हा लॅटिनमध्ये पूर्ण शब्द आहे: ‘तंतुवाद्यांनी’. रोमन कवी होरेसच्या ‘ओड्स’ या गीतसंग्रहाच्या पहिल्या पुस्तकातलं ३६वं गीत ‘एत तुरे एत फिडिबस’ असं सुरू होतं. धूप आणि तंतुवाद्यांनी देवांना प्रसन्न करू, असा त्याचा भाव. धूप म्हणजे तंबाखूचा धूर, मग दुसरा शब्द उरतो कागदाच्या पट्टीसाठी! लॅटिन घोकणाऱ्या पोरांचा हा वात्रटपणा शब्दकोशांनाही जास्त पटतो, मात्र तेही ‘बहुधा’ जोडूनच देतात.

पट्टी करायला साधा, न छापलेला कागद घ्या. सुमारे २५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद तुकडा लांबी तशीच ठेवून उभा दोनदा दुमडा आणि घडी नखाने दाबा. सैल घडीत हवा शिरून भडका उडतो, फार घट्ट पिळली तर ज्योत विझते. गुळगुळीत मासिकाचा कागद नकोच. त्यावरच्या मातीच्या लेपामुळे तो नीट जळत नाही आणि राख तंबाखूत पडते. पेटलेलं टोक किंचित वर धरा, खाली धरलं तर ज्योत बोटांकडे चढते.