पुण्याच्या रुमालात बांधलेला समुद्र

पुण्याला समुद्र नाही. तरीही मराठ्यांच्या आरमाराचा माग काढणाऱ्याला अलिबाग, विजयदुर्ग पाहून झाल्यावर शेवटी पुण्यातच यावं लागतं. गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं कोकणात नांगरलेली असत, पण त्यांच्या खर्चाचा हिशेब पुण्याला द्यावा लागे.

पुण्याच्या या हिशेबाची सुरुवात दुःखद आहे. फेब्रुवारी १७५६मध्ये मराठ्यांचेच आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळालं, आणि इंग्रजांना सोबत घेतलं होतं ते खुद्द नानासाहेब पेशव्यांनी. मला आजही हे वाचवत नाही. त्यानंतर विजयदुर्गावर पेशव्यांचा आरमारी सुभा बसला, पुढे तो धुळप घराण्याकडे आला. एप्रिल १७८३मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं, तेव्हाही त्यांचे धनी पुण्यातच होते.

१८१८ला राज्य गेलं आणि पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, इंग्रजांच्या हाती पडलं. त्यांनी ते सांभाळलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इनामं, वतनं खरी की खोटी हे ठरवायला त्यांना जुने कागद हवे होते. १८५२च्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनला त्यासाठीच बळ दिलं. जमीनमहसुलाच्या त्या ढिगाबरोबर आरमाराचे कागदही वाचले. १८९१मध्ये दफ्तरासाठी स्वतंत्र दगडी इमारत झाली, पण अभ्यासकांना दार बराच काळ बंदच होतं. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं. सरकारी दफ्तराबाहेरचं धन इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव, घरोघर फिरून गोळा केलं. १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्याच ध्यासातून.

रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचं चौकोनी फडकं. गाठ सोडली की आधी जुन्या कागदाचा कोरडा वास येतो. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचा एखादा कण अजून अक्षराला चिकटलेला असतो. बोरूने लिहिलेली मोडी ओळीच्या ओळी हात न उचलता पळते. ती वाचता येणारी माणसं कमी, म्हणून कितीतरी रुमाल तसेच बांधलेले आहेत.

व्यापारी जहाजांच्या कागदांची गोष्ट वेगळी. ५ एप्रिल १९१९ला सिंदिया या भारतीय जहाज कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक वालचंद हिराचंद. त्यांच्या नावाचं वालचंदनगर पुणे जिल्ह्यातच आहे, पण त्यांचे कागद अभ्यासायला दिल्ली गाठावी लागते. मोठ्या कंपनीचे कागद निदान कुठेतरी जपले जातात. शिबाडं, म्हणजे शिडाची मालवाहू जहाजं, चालवणाऱ्या नाखव्यांच्या (तांडेलांच्या) चोपड्या मात्र कोकणच्या दमट हवेने आणि वाळवीने खाल्ल्या.

दफ्तरात खलाशी भेटतो तो पगाराच्या आकड्यापुरता. वारा कधी फिरला, कुठल्या खाडीत आसरा घेतला, हे नाखव्याने स्वतः टिपलं असेल, तर ते एखाद्या घराच्या माळ्यावर, जुन्या पेटीत असेल. अशी पेटी निघाली तर रद्दीत घालण्याआधी ती कोणा मोडी जाणणाऱ्याला दाखवा.