वणव्यांनी पुढे आणलेली वनस्पती: बेसॉल्ट मिल्कव्हेच

१९९९ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात सुमारे १७ लाख एकर रान वणव्यांत जळाले. त्यात सर्वांत जास्त होरपळले ते नेवाडा राज्य. जळालेल्या जमिनीवर पेरायचे काय, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. उत्तर शोधताना ज्या स्थानिक वनस्पतींकडे नजर वळली, त्यांत बेसॉल्ट मिल्कव्हेच ही एक होती.

वणव्यांचे मूळ जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-आशियातून चीटग्रास नावाचे गवत इथे आले. ते हिवाळ्यापासून वाढते, उन्हाळ्याच्या तोंडाशीच वाळून कोळ होते आणि ठिणगी पडली की भडकते. इथल्या सेजब्रश झुडपाला जळाल्यावर बुंध्यातून फुटवा येत नाही. ती जागा पुन्हा चीटग्रासच बळकावते, आणि पुढची आग आणखी लवकर लागते. या भागात पाण्याची भिस्त हिवाळ्यातल्या बर्फावर असते आणि उन्हाळा जवळपास कोरडाच जातो, त्यामुळे बाहेरून आणलेले नाजूक बियाणे इथे तग धरत नाही.

बेसॉल्ट मिल्कव्हेच या रानाला नवी नव्हती. तिचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रॅगॅलस फिलिपेस. वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८६४ मध्ये ते प्रसिद्ध केले. लॅटिनमध्ये ‘फिलिपेस’ म्हणजे दोऱ्यासारख्या पायाची. तिच्या लोंबत्या शेंगांचे देठ पाहिले की नाव नेमके का दिले ते पटते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापासून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियापर्यंत ती आढळते. मग शतकभर तिची विचारपूस का झाली नाही? माझ्या मते एक मोठे कारण म्हणजे तिच्या कुळाची बदनामी.

ॲस्ट्रॅगॅलस ही सपुष्प वनस्पतींमधली सर्वांत मोठी प्रजाती मानली जाते. तिच्यात सुमारे ३,००० जाती आहेत. ‘मिल्कव्हेच’ हे नाव पडले ते युरोपातल्या एका जुन्या समजुतीवरून: ही वनस्पती चरली की शेळ्या जास्त दूध देतात. अमेरिकेतल्या गुराख्यांचा अनुभव मात्र उलटा होता. काही जाती खाल्ल्यावर घोडे आणि गुरे भ्रमिष्टासारखी वागत, अडखळत, खंगत आणि मरत. स्पॅनिशमध्ये ‘लोको’ म्हणजे वेडा, म्हणून या जातींना लोकोवीड म्हणू लागले. कोलोरॅडोत तर १८८१ ते १८८५ या काळात हे तण खणून काढणाऱ्यांना सरकार पैसे देत होते. यातले विष स्वेनसोनाइन असल्याचे १९८२ मध्ये उघड झाले, आणि ते झाड स्वतः नव्हे, तर झाडाच्या आत राहणारी बुरशी तयार करते, हे तर त्याहूनही नंतर कळले. इतर काही जाती जमिनीतले सेलेनियम (जास्त झाले की विषारी ठरणारे मूलद्रव्य) शोषून पानांत साठवतात, तर काहींत विषारी नायट्रो संयुगे असतात.

एवढा इतिहास पाठीशी असताना या कुळातले झाड चराऊ रानात पेरायचे म्हणजे आधी तपासणी आलीच. बेसॉल्ट मिल्कव्हेचमध्ये ही तिन्ही विषे धोकादायक प्रमाणात आढळली नाहीत.

गुण तिच्यात होतेच. सोटमूळ खोल जाते, म्हणून वरची माती सुकली तरी तिला ओल मिळते. वरचा भाग जळाला तरी ती जमिनीलगतच्या बुंध्यातून पुन्हा फुटते. शेंगावर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि अशा हलक्या, भुकेल्या जमिनीत त्याचे मोल फार आहे. तिच्या फिकट पिवळसर फुलांवर ऑस्मियासारख्या रानटी मधमाश्या येतात. उजाड रानात त्यांना दुसरीकडे खायला मिळणे अवघडच असते.

पश्चिमेकडील राज्यांतून जमवलेल्या बियांची यूटामधील लोगन येथे अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी पारख केली, आणि २००८ मध्ये ‘एनबीआर-१’ हे निवडक बियाणे जाहीर झाले.

शेतात तिचे बी पिकवणे मात्र सोपे नाही. शेंगांत भुंगेरे शिरतात आणि बी आतून पोखरतात. शिवाय बियांचे कवच इतके कठीण असते की बरेचसे बी पहिल्या वर्षी रुजतच नाही. रानात हाच तिचा बचाव आहे: एखादे वर्ष पूर्ण कोरडे गेले तरी सगळे बी एकदम वाया जात नाही, उरलेले पुढच्या वर्षांसाठी मातीत पडून राहते. जळालेली जमीन झाकायची तर थांबायला वेळ नसतो, म्हणून पेरणीआधी बी घासून कवचाला ओरखडे पाडले जातात, म्हणजे पाणी आत शिरते.