संपलेले सेल आणि जुन्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नका, आमच्याकडे आणून द्या

नमस्कार,

रिमोटचा किंवा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला की तो सुक्या कचऱ्यात जातो, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडून राहतो. आम्ही सेल, इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकतो. विकलेला माल संपल्यावर त्याची नीट विल्हेवाट लागते का, हे पाहणंही आमचंच काम आहे, असं आम्ही मानतो. म्हणून काउंटरशेजारी लाल डबा ठेवला आहे. कंपनी कुठलीही असो, सेल दुसऱ्या दुकानातून घेतलेला असो, इथे आणून टाका. पैसे लागत नाहीत.

2022 साली केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम केले. त्यानुसार वापरलेली बॅटरी घरच्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र दिसतं, त्याचा अर्थ हाच.

टॉर्चचे, रिमोटचे साधे सेल : यांत जस्त आणि मँगनीज असतं. कारखान्यात ते फोडून पत्रा चुंबकाने वेगळा करतात आणि काळ्या भुकटीतून हे धातू काढतात. पाणी सुटलेला सेल उघड्या हाताने धरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा.

बटण सेल : लहान मुलं असलेल्या घरांनी हे नीट वाचावं. खेळण्यातला, वजनकाट्यातला किंवा गाडीच्या रिमोट चावीतला चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. रिमोट चालवायला कमी पडणारा सेलही एवढं करू शकतो, कारण त्यात वीज शिल्लक असते आणि ओल्या जागी ती वाहू लागते. तशी शंका जरी आली तरी उलटी करवू नका, मूल रडत नाही म्हणून वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये थेट न्या. सेलचं पाकीट हाताशी असेल तर तेही सोबत घ्या. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच तातडीने काढावा लागतो. सेल बदलला की जुना टेबलावर ठेवू नका, लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवा.

चिकटपट्टीचं काम लिथियम सेलला आणि चौकोनी 9 व्होल्टच्या सेललाही आहे. चौकोनी सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. किल्ली किंवा नाणं आडवं लागलं की सेल तापतो, आणि शेजारी कागद असेल तर पेटूही शकतो.

मोबाईल, पॉवर बँक, ट्रिमर, रिचार्जेबल टॉर्च : यांतली लिथियम बॅटरी घंटागाडीत दाबली गेली, फुटली, तर आग लागते आणि ती कचरा उचलणाऱ्या माणसांच्या अंगाशी येते. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. त्या दिवसांत पॉवर बँक गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचून हवा काढायला तर मुळीच जाऊ नका. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि लवकर आणा. ही बॅटरी लाल डब्यात टाकू नका, आमच्या हातात द्या.

इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी : आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं याबद्दल आहे. या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं, शिवाय गंधकाम्ल. दारावर येणारा एखादा भंगारवाला चार पैसे जास्त देतो, कारण त्याला खर्चच नसतो. अ‍ॅसिड गटारात ओततो आणि प्लेटा उघड्यावर भट्टीत वितळवतो. ती धूळ आजूबाजूच्या घरांवर, अंगणात बसते आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातातोंडातून पोटात जाते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ कायमची बिघडते. त्याची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं आहे. नोंदणीकृत कारखान्यात मात्र अ‍ॅसिड निष्प्रभ केलं जातं, प्लास्टिकचा डबा पुन्हा वापरात येतो आणि शिसं वितळवून नव्या बॅटरीत जातं, तेही कितीही वेळा.

जुनी बॅटरी दिलीत की तिची किंमत आम्ही नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करतो, तसा उल्लेखही बिलावर असतो. नवी घेणार नसाल तरी जुनी घेऊ. दोन भाव विचारायचे असतील तर जरूर विचारा, फक्त माल पुढे कुणाकडे जाणार हेही विचारा.

बॅटरी आडवी करू नका, आतलं पाणी ओतून टाकू नका. रिक्षात ठेवायची असेल तर उभी ठेवा आणि टोकांवर जुनी ट्यूब गुंडाळा. इन्व्हर्टरची बॅटरी जड असते. घरात वयस्कर माणसंच असतील तर उचलायला जाऊ नका, दुकानात निरोप द्या. आमचा माणूस घरी येऊन घेऊन जाईल.