पोतोसीच्या चांदीसाठी सातातला एक

बोलिव्हियातल्या पोतोसी शहराला लागून सेर्रो रिको हा लालसर डोंगर आहे. उंची सुमारे ४,८०० मीटर, हवा इतकी विरळ की नवख्या माणसाला जिना चढतानाही धाप लागते. १५४५ मध्ये इथे चांदी सापडली. पुढे काय झालं ते सोन्याचांदीच्या हावेच्या अंगाने नेहमी सांगितलं जातं. मला त्यातलं रसायनशास्त्र जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीला खाणी इथे राज्य करणाऱ्या स्पॅनिशांच्या, पण चांदी गाळण्याची विद्या स्थानिकांची होती. अंगभर भोकं असलेल्या लहान मातीच्या भट्ट्या, म्हणजे 'ग्वाइरा', ते डोंगरउतारावर मांडत. भात्याचं काम वाराच करायचा. या विद्येमुळे व्यवहारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मात्र ही भट्टी चालायची चांगल्या कसाच्या खनिजावर, आणि वरच्या थरातलं तसं खनिज वीस-पंचवीस वर्षांत आटत आलं.

तोडगा मेक्सिकोत तयार होता. पाचुका इथे बार्तोलोमे दे मेदिना याने १५५० च्या दशकात पाऱ्याची रीत बसवली होती. खनिज पिठासारखं दळायचं, त्यात पाणी, मीठ, तांब्याचे क्षार आणि पारा घालून आठवडेच्या आठवडे तुडवायचं. मीठ आणि तांब्याच्या क्षारांमुळे चांदीच्या सल्फाइडचं क्लोराइड होतं, पारा त्यातली चांदी सोडवतो आणि स्वतःत विरघळवून घेतो. मग चिखल धुऊन टाकायचा आणि उरलेला लोण्यासारखा गोळा तापवायचा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो. चांदी वितळायला ९६२ अंश लागतात, म्हणून ती मागे राहते. याच चांदीची नाणी पुढे समुद्रमार्गे सुरतेपर्यंत यायची आणि मुघल टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पडायचे.

आता हलक्या कसाचा दगडही परवडू लागला. पण कस हलका म्हणजे तेवढ्याच चांदीसाठी कितीतरी जास्त दगड फोडा, वाहा, दळा. ही माणसं आणायची कुठून? १५७० च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 'मिता' लागू केली. आजच्या पेरू-बोलिव्हियातल्या सोळा प्रांतांनी दरवर्षी १८ ते ५० वयाच्या पुरुषांपैकी सातातला एक पोतोसीला पाठवायचा. वर्षाला सुमारे साडेतेरा हजार माणसं, बहुतेक बायकापोरं आणि लामा ही ओझ्याची जनावरं घेऊन, कित्येक आठवडे चालत. फिरती कामगिरी इंकांच्या राज्यातही होती, पण तिथे राबणाऱ्याला राज्य जेवूखाऊ घालायचं. इथे मजुरी मिळायची, मोकळ्या मजुराहून कमी; म्हणून एक आठवडा राबल्यावरचे विश्रांतीचे दोन आठवडेही अनेक जण पोटासाठी पुन्हा खाणीतच घालवत.

त्या काळच्या एका जेसुइट पाद्र्याने लिहून ठेवलंय: पाठीवर फडक्यात बांधलेला दगड, कातड्याच्या दोरांची शिडी आणि अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती. दोन्ही हात शिडीला लागतात, मग दिवा धरणार कशाने?

दळणाच्या धुळीने फुप्फुसं जायची. पारा त्याहून कावेबाज. पातळ पारा पोटात गेला तर फारसा शोषला जात नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर जवळजवळ ऐंशी टक्के रक्तात उतरते. हात कापतात, हिरड्या सडतात, दात पडतात. हा पारा यायचा पेरूतल्या वांकावेलिकाहून, हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) भाजून, आणि त्या खाणीसाठी वेगळी मिता होती. लोक तिला मरणाची खाण म्हणत. (पोतोसीत ऐंशी लाख माणसं मेली हा आकडा इंटरनेटवर सर्रास फिरतो. त्याला भक्कम आधार नाही, आणि हा जुलूम सांगायला त्याची गरजही नाही.)

पळून जाणं हाच मोठा मार्ग होता. गावं ओस पडत आणि मागे राहिलेल्यांवर तोच भार चढे. १८१२ मध्ये स्पेनमधल्या कादिसच्या संसदेने मिता कायद्याने रद्द केली.

खुणा मात्र मोजता येतात. पेरूतल्या केल्काया हिमनदीच्या बर्फात वसाहतकाळातल्या धातुउद्योगाचं प्रदूषण थरांत गोठलेलं सापडलं आहे. वांकावेलिकात जुन्या दूषित मातीच्या विटांनी बांधलेल्या घरांच्या भिंतींत पारा निघाला, आणि त्या घरांत लोक राहतात.

अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांनी २०१० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पेरूत मितेच्या जुन्या हद्दीच्या आतल्या आणि लगतच बाहेरच्या गावांची त्यांनी तुलना केली. आतल्या घरांचा खर्च सुमारे २५ टक्के कमी निघाला, म्हणजे गरिबी जास्त, आणि वाढ खुंटलेल्या मुलांचं प्रमाणही जास्त. कारण ऐकून चमकायला होतं. खाणीचे मजूर दुसऱ्या कुणी पळवू नयेत म्हणून स्पॅनिश सत्तेने हद्दीच्या आत मोठ्या जमीनदारांना फारसं फिरकू दिलं नाही. बाहेर जमीनदार आले. ते काही धर्मात्मे नव्हते, पण आपला माल बाजारात न्यायचा म्हणून त्यांनी सरकारदरबारी वजन वापरून रस्ते करून घेतले. हद्दीच्या आत आजही रस्ते कमी आहेत आणि बरेच शेतकरी फक्त घरापुरतं पिकवतात.