कार्डधारक गेल्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी कोणाची? पुण्यातल्या कुटुंबांसाठी अर्ज, कागदपत्रं आणि हक्क

थेट उत्तर आधी. कार्डधारक वारला म्हणून थकबाकी माफ होत नाही, पण ती बायको-मुलांच्या डोक्यावरही येऊन बसत नाही. गेलेल्या माणसाने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून ती वसूल व्हायची असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या वारशापुरतीच. मागे दोन लाखांची ठेव आणि साडेतीन लाखांचं कार्डाचं देणं एवढंच असेल, तर वरचे दीड लाख मुलाच्या पगारातून मागता येत नाहीत. बापाचं ऋण मुलाने फेडायचंच, हा जुन्या हिंदू कायद्यातला दंडक ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने तो काढून टाकला. वसुली एजंट मात्र फोनवर अजून त्याच्याच जोरावर बोलतात.

आता अपवाद, कारण घोळ इथेच होतात. निवृत्त माणसाला पगाराची स्लिप नसते, म्हणून बँका बऱ्याचदा मुदत ठेवीवर कार्ड देतात. अशा ठेवीवर बँकेचा लीन, म्हणजे देणं फिटेपर्यंत ठेव अडकवून ठेवायचा हक्क, असतो. बँक आधी आपलं देणं वळतं करून घेते आणि उरलेलं नॉमिनीच्या हाती देते. बचत खातं त्याच बँकेत असेल तर त्यातली रक्कमही वळती होऊ शकते. दुसरा अपवाद अ‍ॅड-ऑन कार्डाचा. वडिलांच्या कार्डावर आईला दिलेल्या जोडकार्डाचं देणंही मूळ कार्डधारकाचंच, म्हणून आई त्यासाठी बांधील नाही. पण वडील गेल्यावर त्याच कार्डाने किराणा भरला, तर तो खर्च कोणी आणि कोणत्या अधिकाराने केला हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा दोन्ही कार्डं त्याच दिवशी बाजूला ठेवा.

काही रकमांना कार्डाची बँक शिवू शकत नाही. भविष्य निर्वाह निधीतली मृत सभासदाची रक्कम नॉमिनीला कर्जमुक्त मिळते, अशी कायद्यातच तरतूद आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी काढलेला विमाही धनकोंच्या दाव्यात येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन हे तर विधवेचं स्वतःचं उत्पन्न.

अर्ज कोणी करायचा, काय जोडायचं

क्रेडिट कार्डाला बचत खात्यासारखा नॉमिनी नसतो. त्यामुळे पत्नी, मुलगा, मुलगी यांपैकी कोणीही एक वारस कळवू शकतो. मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेला व्यवस्थापक (एक्झिक्युटर). फक्त कार्ड बंद करायला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. कोणी मागितलाच तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या म्हणावं. विषय बहुधा तिथेच मिटतो.

पहिला कागद मृत्यूचा दाखला, आणि पुण्यात तो कुठून काढायचा याचाच गोंधळ होतो. नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. सिंहगड रस्त्यावर राहणारे आजोबा चिंचवडच्या रुग्णालयात गेले, तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. कॅम्पातलं किंवा खडकीतलं रुग्णालय कटक मंडळाच्या हद्दीत असेल, तर त्या मंडळाचा. मृत्यू रुग्णालयात झाला तर नोंदीची माहिती रुग्णालय कळवतं, घरी झाला तर कुटुंबाने कळवायचं. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर विलंब शुल्क नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या मूळ प्रती जास्तच काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, महावितरण, सगळीकडे लागतात. नावाचं स्पेलिंग आधार आणि कार्डाशी जुळतं का, हे खिडकीवरच तपासा, नंतरची दुरुस्ती फार वेळखाऊ.

दाखल्यासोबत मृत व्यक्तीचं पॅन आणि आधार, अर्जदाराचं पॅन आणि आधार, नातं दाखवणारा एखादा कागद (रेशन कार्ड, विवाह नोंदणी दाखला किंवा पासपोर्ट) आणि शेवटचं स्टेटमेंट जोडा. झेरॉक्सवर अर्जदाराची सही असू द्या. वारसांचं प्रतिज्ञापत्र मागितलं तर आता स्टॅम्प पेपर ५०० रुपयांचा घ्यावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० चा चालत नाही.

अर्जाचा मजकूर लांबवू नका. असा पुरे:

“कार्डधारक अमुक यांचे दिनांक अमुक रोजी निधन झाले. कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. मूळ व जोडकार्ड तत्काळ बंद करावे. मृत्यूच्या तारखेपर्यंतचा उतारा द्यावा. त्या तारखेनंतरचे व्याज, विलंब शुल्क व कर माफ करावेत. कार्डासोबत विमा असल्यास दाव्याचा फॉर्म द्यावा. मी वारस म्हणून माहिती देत आहे. वैयक्तिक जबाबदारी स्वीकारत नाही.”

शेवटचं वाक्य गाळू नका. मृत्यूनंतरचं व्याज आपोआप थांबत नाही, म्हणून माफी मागावीच लागते. लेखी मागणाऱ्याला ती बऱ्याचदा मिळते, नुसता फोन करणाऱ्याला क्वचित. शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या आणि तोच मजकूर कार्ड विभागाला ईमेल करा. शाखेतले “आमच्याकडे कार्डाचं काही नसतं” म्हणतात, ते अर्धं खरं असतं. पोच मात्र देता येते.

विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात. काही कार्डांवर अपघाती मृत्यूचं संरक्षण किंवा थकबाकी भरणारा विमा असतो. दाव्याला मुदत असते, आणि अपघातात पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदन अहवाल लागतो.

कार्डावरून वळते होणारे हप्तेही पाहा: वीजबिल, मोबाइल, ओटीटी, मेडिक्लेम. आईचं नाव त्याच मेडिक्लेममध्ये असेल तर कार्ड बंद होण्याआधी हप्त्याची दुसरी सोय करा.

ठेव किंवा बचतीची रक्कम काढणं ही वेगळी प्रक्रिया. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. नॉमिनी नसेल तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. त्यावरच्या रकमेसाठी वारसा प्रमाणपत्र लागू शकतं आणि शिवाजीनगर कोर्टाची वाट धरावी लागते.

मालमत्ता आहे आणि देणं फेडायचं आहे, तर तडजोडीची रक्कम ठरवा. पण बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, आणि भरल्यावर नो ड्यूज, म्हणजे देणं बाकी नसल्याचा दाखला, घ्या. कोऱ्या फॉर्मवर “मी भरीन” अशी सही नको. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होऊ शकते.

कार्डधारक हयात आहे, पण भागत नाही

निवृत्तीनंतर औषधपाणी कार्डावर टाकून दरमहा किमान रक्कम भरत राहणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. एक लाख थकले आणि दर महिना साडेतीन टक्के असेल, तर व्याज ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, म्हणजे महिन्याला ४,१३० रुपये नुसते झिजतात. ग्राहक आयोगाने कार्डाच्या वार्षिक व्याजावर घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, त्यामुळे तिचा आधारही राहिला नाही. ठेव असेल तर ती मोडून किंवा तिच्यावर कर्ज काढून कार्ड फेडावं. सोनं कपाटात ठेवून कार्डाचं व्याज भरण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. देणं शून्य झाल्यावर बंद करायचा अर्ज द्या. सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.

लोकअदालतीची नोटीस आली की घरात रडारड होते. ते तडजोडीचं बोलावणं असतं, अटकेचं वॉरंट नव्हे. कार्ड थकणं हा दिवाणी मामला. मात्र तडजोडीत दिलेला चेक वटला नाही तर गोष्ट फौजदारी होते. पेन्शनवरच भागत असेल तर पोस्ट-डेटेड चेक देऊ नका. सरकारी पेन्शनवर जप्ती येत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर येता कामा नये, आणि शेजाऱ्यांना, सोसायटीच्या वॉचमनला थकबाकी सांगणं तर अजिबात चालत नाही. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे शुल्क नाही, आणि अर्ज वकिलामार्फत नव्हे, स्वतःच्या नावानेच करायचा असतो.