गावठी कुत्रं, दत्तकाची अट आणि सातपुड्याची वाट

भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला दिलेल्या आदेशावर आपल्याकडे टपरीपासून पालिकेच्या सभेपर्यंत सगळीकडे बोलणं झालं, पण त्यातला दत्तकाचा भाग फारसा कुणाच्या तोंडी आला नाही. भटकं कुत्रं ज्याला घरी न्यायचं असेल त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला खूण करून ते त्याच्या ताब्यात द्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यानं घ्यावी, असा तो भाग. जळगाव-धुळ्याकडे त्यानं एक जुनी पळवाट बुजवली. नेलेलं कुत्रं घरात रुळलं नाही, चपला फाडायला लागलं, पाहुण्यांवर गुरगुरलं, की लोक ते हायवेच्या एखाद्या धाब्यापाशी सोडून येत, नाहीतर तापीच्या पुलापलीकडे. धाब्यावर खरकटं असतं, पोट भरेल, अशी स्वतःची समजूतही काढत. आता ते चालायचं नाही. कुत्रं आणलं तर ते रुळवावंच लागणार, आणि ते कसं हे माहीत असलेलं कुणीतरी लागणार.

रस्त्यावरची कुत्री वाचवणाऱ्या तरुण पोरापोरींनी गेल्या काही वर्षांत हे काम अंगावर घेतलं आहे. दत्तक दिलेल्या घरी पुन्हा जायचं, मार न देता कसं शिकवायचं ते दाखवायचं, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी दोन-चार कुत्री लांब दोरीवर माळरानात, डोंगराच्या पायथ्याला फिरवून आणायची. बघणाऱ्याला हे शहरी खूळ वाटतं. त्यामागचा इतिहास मात्र बराच रांगडा आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. साक्रीच्या माळावर मेंढरांमागं फिरणाऱ्या ठेलाऱ्यांचं कुत्रं काय किंवा सातपुड्यात भिल्ल-पावऱ्यांच्या झोपडीपुढचं कुत्रं काय, ही कामाची जनावरं. त्यांना मुद्दाम कुणी शिकवलं नाही. थोराड कुत्र्यामागं पळून पिल्लू आपोआप तयार व्हायचं. खंडोबाच्या सोबत कुत्रं आहे, दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्याची चाल बसवणारे उस्ताद भेटतात, पण कुत्र्यालाही काही शिकवायचं असतं हे आपल्या डोक्यात कधी आलंच नाही. भाकरीचा तुकडा आणि ‘हाड हाड’, एवढाच व्यवहार.

त्या व्यवहारात भीती भरली ती पिसाळण्यानं. आज पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा, ‘पोटातली चौदा इंजेक्शनं’ हे शब्द ऐकून अजून अंगावर काटा येतो. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत वापरात होती. आता दंडात चार-पाच डोस घेऊन भागतं, तरी आजीनं नातवाच्या मनात भरवलेली धास्ती जुन्याच सुईची आहे. माझ्या मते खान्देशातल्या निम्म्या काठ्या त्या सुईनं उगारल्या.

सरकारी पातळीवर उपाय एकच होता, मारणं. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्यावरून दंगल झाली, एवढा तो जुना. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा १९६० मध्ये झाला, पण त्यात भटकी कुत्री नष्ट करण्याची वाट शिल्लक ठेवली होती. गावोगावी विषाचे लाडू पडत राहिले. पहाटे टाकायचे, उजाडल्यावर गाडीतून मेलेली गोळा करायची. १९९० च्या दशकात चेन्नईसारख्या शहरांत नसबंदीचा प्रयोग सुरू झाला आणि २००१ मध्ये केंद्रानं नियमच केला: कुत्रं पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच परत सोडा.

सगळं भांडण या ‘तिथंच परत’वर आहे. नसबंदीला कुणाचा विरोध नव्हता. करून पुन्हा आमच्याच गल्लीत का, हा लोकांचा सवाल होता आणि त्याचं उत्तर कुठल्याही पालिकेनं नीट दिलं नाही. उत्तर असं की कुत्र्याला हद्द असते. एका गल्लीतली पाच कुत्री उचलून नेली की उकिरडा तसाच राहतो, आणि आठवड्या-पंधरवड्यात शेजारच्या गल्लीतली, न टोचलेली कुत्री तिथं शिरतात. हद्द नव्यानं ठरेपर्यंत रात्रभर भांडणं. ओळखीचं, टोचलेलं, पिल्लं न होणारं कुत्रं जागेवर बसून राहिलं तर नवी येत नाहीत. नियमात खरं तर कुत्र्याच्या वागण्याचंच ज्ञान होतं, पण तो लोकांपुढं आला तो भूतदयेच्या भाषेत. भूतदया म्हटलं की ज्याच्या पोराला कुत्रं चावलंय त्याचं डोकं फिरतं, आणि ते साहजिक आहे.

मग कोर्टकचेऱ्या. २००८ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं पालिकांचा मारण्याचा अधिकार मान्य केला, २००९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाची त्याला स्थगिती आली. २०२३ मध्ये नियम नव्यानं लिहिले गेले, ‘तिथंच परत’ कायम राहिलं. ११ ऑगस्ट २०२५ ला राजधानी परिसरातली सगळी कुत्री कोंडवाड्यात घाला असा आदेश झाला, अकरा दिवसांनी तो बदलला: टोचलेली, नसबंदी झालेली कुत्री परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथं परत सोडायची नाहीत असं ठरलं.

पिसाळलेलं कुत्रं कुठलं ते ठरवता येतं. आक्रमक कुठलं, ते कुणी ठरवायचं? ऑगस्टच्या आदेशात त्याची व्याख्या नाही. पकडायला आलेल्या गाडीवरचा माणूस ठरवतो, किंवा अर्ज करणारा शेजारी. इथं आपल्याकडचं पंचांग उपयोगी पडतं. भादव्यातली कुत्री म्हणून आपण शिवी देतो. त्या महिन्यात माजावर आलेल्या कुत्र्या दोन महिन्यांनी, कार्तिकाच्या सुमाराला वितात. पिल्लं रांगायला लागली की आई मोटारसायकलवर धावून जाते, दूध टाकायला येणाऱ्याच्या पायाला लागते. तीच कुत्री माघात किराणा दुकानाच्या पायरीवर लोळत असते, गिऱ्हाईक तिला ओलांडून जातं. मार्गशीर्षात तक्रार झाली तर ती आक्रमक, माघात कुणी बघायला आलं तर गरीब. दिवसभर दोन हात साखळीला बांधलेलं कुत्रंही सुटलं की अंगावर येतं. कान सडलेलं, कंबर दुखावलेलं कुत्रं हात लावला की चावतं. या तिघांवर एकच शिक्का मारून आयुष्यभर कोंडणं मला पटत नाही. पण चावा घेतलेल्यांची रांग सरकारी दवाखान्यात रोज उभी असते, हेही नाकारता येत नाही.

चावण्याआधी कुत्रं बरंच काही सांगतं. तोंड वळवतं, ओठांवरून जीभ फिरवतं, भूक नसताना जांभई देतं, अंग ताठ करतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं, आणि मग गुरगुरतं. आपण गुरगुरण्याबद्दल फटका मारतो. पाच-सात फटक्यांत ते बंद होतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. ‘एकदम चावला हो, काही कारण नसताना’ असं सांगितलं जाणाऱ्या कितीतरी कुत्र्यांचा आवाज आधी कुणीतरी बंद केलेला असतो.

फटक्याची ही शिकवण पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या कवायतीतून आली. १९१० च्या सुमाराला जर्मनीत पोलिसी कुत्र्यांसाठी लिहिल्या गेलेल्या पुस्तकानं हिसका आणि शाबासकीची पद्धत बसवली, ती युद्धांतून जगभर गेली. १९४७ मध्ये कोंडलेल्या लांडग्यांवरचा एक अभ्यास निघाला. त्यावरून ‘कळपाचा मालक’ ही कल्पना, म्हणजे माणसानं कुत्र्याला दाबून आपणच मालक असल्याचं दाखवायचं, कुत्र्यांच्या शिकवणीत घुसली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, असा खुलासा १९९९ मध्ये झाला, पण तोवर गळ्यातला फास घट्ट बसला होता. जिल्ह्याच्या गावात कुत्रं शिकवणारा बहुधा अशाच पथकातून निवृत्त झालेला. माणूस शिस्तीचा, जनावरावर जीव असलेला. पण त्याच्या हाताखालून गेलेली कुत्री निवडून घेतलेली, पिल्लूपणापासून वाढवलेली. उकिरड्यावरून उचललेल्या कुत्र्याला तीच चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली तर ते एकतर जमिनीला चिकटून मुततं किंवा पलटून येतं.

कारण त्याचं बालपण वेगळं. पिल्लाच्या वयाचा तिसरा ते बारावा-चौदावा आठवडा जन्मभराची ओळख घालून देतो, हे १९६५ पर्यंत प्रयोगांनी पक्कं झालं होतं. त्या आठवड्यांत जे भेटलं ते आपलं, जे नाही ते संशयाचं. धुळ्याच्या बाजारात वाढलेल्या पिल्लाला ट्रकचा भोंगा, बैलगाडी, हातगाडी, बँड सगळं माहीत असतं. माहीत नसतो तो छताचा पंखा, गुळगुळीत फरशी, जिना आणि कुकरची शिट्टी. एक शेंदरी रंगाची कुत्री तिसऱ्या शिट्टीला सोफ्याखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. घरचे म्हणाले हट्टी आहे. तिला शिट्टीच्या पाठोपाठ उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळायला लागला, आधी कुकर दोन खोल्या लांब, मग जवळ. महिन्याभरात शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायला लागली. (अंडं, चिकन द्या, भरीत देऊ नका. पातीचा कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी.)

फिरायला नेण्याचं मूळ इथंच आहे. घराच्या चार भिंती हे त्याच्यासाठी परकं रान, आणि रान हे घर. पहिले काही दिवस कुठंच न नेता, मग मोकळ्या जागी, छातीच्या पट्ट्याला पाठीवर बांधलेल्या लांब दोरीवर, त्याला हवं तिथं हुंगू दिलं की अंगातला ताण उतरतो. काहींनी गुरांचं दावंच वापरलं. जाडजूड सुती असेल तर चालतं, गळ्यात मात्र नको, आणि नायलॉनचं तर हात सोलून काढतं.

खान्देशात याला ऋतू मोजके. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो, डांबर हाताला सोसवत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच, ते धापा टाकूनच गार होतं. तेव्हा उजाडायच्या आत मेहरूण किंवा नकाण्याच्या तलावाकाठी, नाहीतर घरीच. पावसात गोचीड. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळ. पंज्याच्या बेचक्यात, कानात शिरलेलं कुसळ आतच चालत जातं, म्हणून परतल्यावर गाडीत बसवण्याआधी चारही पंजे उघडून बघायचे. केळीच्या बागांत बिबट्या दडतो आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. रानडुकरांसाठी शेताच्या बांधावर लावलेल्या तारा वेगळ्याच.

डोंगरात दोरी सोडायची की नाही, यावर फिरवणाऱ्यांतच दोन तट आहेत. सोडणारे म्हणतात, रस्त्यावर जन्मलेल्याला वाट कसली दाखवता. समोर शेळ्या आल्या की ‘तो काही नही करस, भाऊ’ हे पालुपद सुरू होतं, आणि तोवर कळप नाल्यापलीकडे. शेळीवाल्याचं नुकसान एका हाकेनं भरून निघत नाही. मी दोरीच्या बाजूचा.

पाटणादेवी, यावल आणि अनेर या तिन्ही ठिकाणी अभयारण्य आहे. तिथं पाळीव कुत्र्याला नेऊ नये, दोरीवरही नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा काहींच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. पालिकेच्या मोहिमेत टोचली जाते ती पिसाळण्यावरची लस; डिस्टेंपरची वेगळी, आणि ती दत्तक घेणाऱ्यानं आपल्या खर्चानं टोचून घ्यायची असते. सातपुड्याच्या पायथ्याला कुत्रं नेणाऱ्यांकडे आता काही मंडळी आधी त्या लसीचं कार्ड मागतात.